तुम्ही विचारलंत म्हणून: भोके बारीक केली की झाले ना?

वायू, द्रव आणि आयन वेगळे करणाऱ्या निवडक पटलांवर, म्हणजे रोजच्या बोलण्यातल्या मेम्ब्रेनवर, मी काम करतो असे सांगितले की थोड्याच वेळात एक प्रश्न ठरल्यासारखा येतो. प्रत्येक रेणूचा आकार ठरलेला असतो, मग त्या मापाची भोके पाडता आली की काम संपले, नाही का? अडले आहे ते फक्त भोके पुरेशी बारीक करण्यापाशी ना? प्रश्न रास्त आहे, कारण शाळेत शिकलेल्या गाळणीपासून सरळ विचार करत गेले तर माणूस इथेच पोहोचतो. मात्र चाळणीचे हे चित्र एका टप्प्यापर्यंतच खरे आहे, आणि आमचे काम त्या टप्प्याच्या पलीकडे सुरू होते.

पाण्यातले जिवाणू अडवायचे असतील तर ०.२ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) मापाची गाळणी पुरते. विषाणू अडवायला दहा-वीस नॅनोमीटरच्या (नॅनोमीटर म्हणजे मायक्रॉनचा हजारावा भाग) भोकांनी काम भागते, आणि रक्तातली प्रथिने राखून युरिया काढून टाकणारे डायलिसिसचे पटलही ढोबळमानाने चाळणीच आहे. या सर्व ठिकाणी जे अडवायचे आणि जे सोडायचे त्यांच्या आकारांत अनेक पटींचा फरक असतो. आता हवेकडे पाहा. ऑक्सिजनच्या रेणूचा गतिज व्यास, म्हणजे हलत्या रेणूची मानलेली रुंदी, ०.३४६ नॅनोमीटर धरला जातो आणि नायट्रोजनचा ०.३६४. फरक ०.०१८ नॅनोमीटरचा, म्हणजे हायड्रोजनच्या एका अणूच्या रुंदीच्या पाचव्या हिश्श्याहूनही कमी. भोकाची कड शेवटी अणूंचीच बनलेली असते आणि अणू तासून बारीक करता येत नाही. शिवाय ही कड स्थिर नसते. झिफ-८ नावाच्या सच्छिद्र स्फटिकाची खिडकी क्ष-किरणांनी मोजली तर सुमारे ०.३४ नॅनोमीटरची भरते, तरीही ०.४ नॅनोमीटरच्या आसपासचा प्रोपिलीन तिच्यातून जातो, कारण खिडकीच्या चौकटीतले रेणू हलतात, डोलतात आणि वाट करून देतात. उलट बाजूने, वायूचा रेणू हादेखील टणक गोळा नसतो. कार्बन डायऑक्साइडचा ०.३३ नॅनोमीटर हा व्यास खरे तर एका लांबट रेणूची जाडी आहे.

मग ज्या पटलाला भोकेच नाहीत त्यातून काही जाते का? जाते, आणि वायूंच्या बाबतीत बहुतेक कामाची पटले अशीच असतात. रबराच्या फुग्यांतून वेगवेगळे वायू वेगवेगळ्या वेगाने निसटतात हे फिलाडेल्फियात जॉन मिचेल यांनी १८३१ साली नोंदवले. १८६६ साली थॉमस ग्रॅहम यांनी त्याचे कारण मांडले: वायू आधी रबरात विरघळतो, मग त्यातून विसरणाने, म्हणजे रेणूंच्या आपोआप पसरण्याने, पुढे सरकतो आणि पलीकडच्या पृष्ठभागावरून बाहेर पडतो. आज आम्ही वापरतो ते गणित या विचारावरच उभे आहे. वायू किती जाईल हे दोन गोष्टींच्या गुणाकारावर ठरते: तो त्या पदार्थात किती विरघळतो आणि विरघळल्यावर किती चपळाईने सरकतो.

या गुणाकाराचे परिणाम चाळणीच्या हिशेबात बसत नाहीत. सिलिकोन रबरातून मिथेनपेक्षा प्रोपेन जास्त वेगाने जातो, जरी प्रोपेनचा रेणू मोठा आहे. मोठा रेणू सरकतो हळू, पण तो लवकर द्रवरूप होणारा असल्यामुळे रबरात कितीतरी अधिक विरघळतो आणि गुणाकारात बाजी मारतो. नैसर्गिक वायूतले जड हायड्रोकार्बन काढायला किंवा पेट्रोलच्या वाफा परत मिळवायला हाच गुण वापरला जातो. पॉलिसल्फोनसारख्या ताठर पॉलिमरमध्ये, म्हणजे लांब साखळीसारख्या रेणूंच्या पदार्थात, मात्र साखळ्या जेमतेम हलतात आणि तिथे आकाराला किंमत येते. पण तीही भोकाची किंमत नव्हे. रेणूला पुढे जायला दोन साखळ्यांमध्ये क्षणभर फट उघडावी लागते. थोडी मोठी फट उघडायला थोडी जास्त ऊर्जा लागते आणि ऊर्जेतल्या लहानशा वाढीने ती फट उघडण्याची शक्यता मात्र झपाट्याने घटते. म्हणून आकारात पाच टक्क्यांचा फरक असलेले ऑक्सिजन आणि नायट्रोजन पॉलिसल्फोनमधून पाच-सहापट वेगवेगळ्या गतीने जातात. पॅलेडियम तर सरळ धातूच; हायड्रोजनचा रेणू त्याच्या पृष्ठभागावर फुटतो, अणूरूपाने धातूतून जातो आणि पलीकडे पुन्हा जोडला जातो. बाकीच्या वायूंना हे जमत नाही, म्हणून ते अलीकडेच राहतात.

आयनांकडे वळले की चाळण उलटीच होते. उघड्या सोडियम आयनाचा व्यास सुमारे ०.२ नॅनोमीटर, पोटॅशियमचा जवळपास ०.२८. पण पाण्यात आयन उघडा नसतो. भोवती पाण्याच्या रेणूंचे घट्ट आवरण असते, आणि लहान आयनाचा विद्युतभार कमी जागेत एकवटलेला असल्यामुळे त्याचे आवरण अधिक घट्ट आणि मोठे असते. आवरणासकट मोजले तर सोडियम पोटॅशियमपेक्षा मोठा ठरतो, आणि उघडा असताना तिघांत सर्वांत लहान असलेला लिथियम सर्वांत मोठा. मग भोकाचे माप कोणत्या व्यासावरून घ्यायचे? पेशींच्या आवरणातल्या पोटॅशियम-वाहिनीने, म्हणजे पोटॅशियमला वाट देणाऱ्या प्रथिनाने, याचे उत्तर फार पूर्वी शोधून ठेवले आहे. रॉडरिक मॅकिनन यांच्या गटाने १९९८ साली तिची रचना उलगडली आणि २००३ साली त्यांना त्यासाठी रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. वाहिनीच्या अरुंद भागात ऑक्सिजनचे अणू अशा अंतरावर मांडलेले असतात की पोटॅशियमला आपले पाण्याचे आवरण सोडून त्यांच्यात शिरणे परवडते. सोडियम लहान असल्यामुळे त्याला ते अणू नीट धरू शकत नाहीत, आवरण सोडण्याची किंमत भरून निघत नाही, आणि तो बाहेरच थांबतो. सेकंदाला दहा कोटींच्या घरात पोटॅशियम आयन सोडणारी ही वाट त्यांच्याहून लहान आयनाला अडवते. आम्ही माणसांनी बनवलेले काहीही अजून याच्या जवळपास फिरकलेले नाही, हे मान्य करायला मला संकोच वाटत नाही.

आमच्याकडची हत्यारे जरा ढोबळ आहेत. क्लोरीन आणि कॉस्टिक सोडा बनवणाऱ्या कारखान्यांत जे पटल असते त्यात सल्फोनिक किंवा कार्बॉक्सिलिक गटांचे ऋण भार बसवलेले असतात. त्यामुळे सोडियम पार होतो आणि क्लोराइड परतवला जातो. इथे निवड भाराची आहे, मापाची नाही. भाराचे महत्त्व स्वच्छ दिसावे म्हणून मी बहुधा बोरॉनचे उदाहरण देतो. समुद्राच्या पाण्यातले मीठ नव्व्याण्णव टक्क्यांहून अधिक अडवणारे उलट परासरणाचे पटल, म्हणजे आरओचे पटल, बोरॉन मात्र बऱ्यापैकी सोडते, कारण तो त्या पाण्यात मुख्यतः भाररहित बोरिक आम्लाच्या रूपात असतो. म्हणून पटलातून आलेले पाणी अल्कधर्मी करून पुन्हा एकदा पटलातून काढतात. बोरिक आम्लाचे बोरेट आयन झालेले असते, त्याला भार आणि पाण्याचे आवरण दोन्ही मिळालेले असते, आणि त्याच जातीचे पटल आता त्याला अडवते. पटलाला कोणी हातही लावलेला नसतो.

इथवर झाली निवडीची गोष्ट. पण निवड करणारा पदार्थ सापडला म्हणजे पटल सापडले असे होत नाही, आणि माझ्या मते विचारणाऱ्यांच्याच नव्हे तर आमच्या क्षेत्रातल्या पुष्कळ लोकांच्याही नजरेतून हे निसटते. सेल्युलोज ॲसिटेट मीठ अडवतो हे फ्लोरिडा विद्यापीठात चार्ल्स रीड यांच्या गटाने १९५०च्या दशकात दाखवले होते. अडचण एवढीच की पाणी इतके कमी यायचे की त्याचा उपयोग शून्य. १९६०च्या सुमारास कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस शाखेत सिडनी लोब आणि श्रीनिवास सौरीराजन यांनी त्याच पदार्थाचे असे पटल बनवले की ज्याची निवड करणारी त्वचा सुमारे ०.२ मायक्रॉन जाडीची आणि खालचा सगळा भाग स्पंजासारखा पोकळ. पाणी दहापटीच्या घरात वाढले. १९६५ साली कॅलिफोर्नियातल्या कोअलिंगा गावात या पटलांवर चालणारा प्रकल्प सुरू झाला. नवा पदार्थ नव्हता. फक्त पातळ थर होता.

हा पातळ थर बनताना पाहण्यासारखा असतो. पॉलिमरचे मधासारखे दाट, पारदर्शक द्रावण काचेवर ओतून धारदार पट्टीने ओढून पसरायचे आणि काच सावकाश पाण्यात सोडायची. काही सेकंदांत पारदर्शक थर दुधाळ होतो, मग पांढरा, आणि कडा काचेवरून आपोआप सुटू लागतात. द्रावक बाहेर पळतो, पाणी आत शिरते आणि पृष्ठभागावर दाट त्वचा धरते. खोलीतली आर्द्रता बदलली तरी निकाल बदलतो. पाण्यासाठी आज सर्वत्र वापरली जाणारी पद्धत याहून हुशार आहे आणि ती जॉन कॅडॉट यांनी १९७०च्या दशकात घडवली. सच्छिद्र आधार डायअमाइन नावाच्या रसायनाच्या पाण्यातल्या द्रावणात भिजवायचा आणि त्यावर पाण्यात न मिसळणाऱ्या द्रवातले ॲसिड क्लोराइड हे दुसरे रसायन सोडायचे. दोघे भेटतात तिथेच पॉलिअमाइडचा थर धरतो. तो धरला की डायअमाइनची वाट बंद होते, त्यामुळे थर स्वतःची वाढ स्वतःच थांबवतो, आणि जिथे तो कच्चा राहतो तिथे डायअमाइन जास्त येऊन ती जागा भरून काढते.

वायूंच्या पटलात अशी सोय नसते. क्षेत्रफळाच्या दशलक्षांश भागातही आरपार छिद्र राहिले तर त्यातून सगळे वायू सरसकट वाहतात आणि बाकीच्या निर्दोष पृष्ठभागाची निवड पुसली जाते. ही चाचणी मला अजूनही आवडते: पटलातून आलेला वायू उभ्या काचनळीत सोडायचा आणि त्याने वर ढकललेली साबणाची पापुद्री दोन खुणांमधले अंतर किती वेळात कापते ते हातातल्या घड्याळाने मोजायचे. नायट्रोजन लावल्यावर पापुद्री रेंगाळली तर आशा असते; सरसर वर गेली तर धुळीच्या एखाद्या कणाने दिवसाचे काम खाल्लेले असते. यावरचा मॉन्सँटो या रसायन कंपनीतल्या जे हेनिस आणि मेरी ट्रिपोडी यांचा उपाय मला फार मार्मिक वाटतो. पॉलिसल्फोनच्या पोकळ तंतूंवर, म्हणजे बारीक नळ्यांच्या रूपातल्या पटलावर, त्यांनी सिलिकोन रबराचा लेप दिला. सिलिकोन स्वतः फारशी निवड करत नाही, पण छिद्रे बुजवतो, आणि खालच्या पॉलिसल्फोनला आपले काम करू देतो. १९८०च्या सुमारास हायड्रोजन वेगळा करणारी पटले या युक्तीने बाजारात आली.

नव्या पदार्थांबद्दल मी जरा हात राखून बोलतो, ते यामुळेच. साखळ्या सैल केल्या की वायू भराभर जातो पण निवड घसरते. लॉइड रोबेसन यांनी १९९१ साली आणि पुन्हा २००८ साली शेकडो मोजमापे एका आलेखावर मांडून या ओढाताणीची वरची रेषा दाखवली. २००४ साली पीटर बड आणि नील मॅककिओन यांच्या गटाने वाकड्या कण्याचे, घट्ट बसूच न शकणारे पॉलिमर पुढे आणले आणि त्यांच्या कुळातले काही ती रेषा ओलांडूनही गेले. पण असे पॉलिमर कालांतराने हळूहळू आवळतात आणि प्रवाह घटतो, आणि थर जितका पातळ तितके हे लवकर होते. कार्बन डायऑक्साइड दाबाखाली पॉलिमर फुगवतो आणि मग शेजारचा मिथेनही आयत्या वाटेने निघून जातो. एकेक वायू सुटा मोजला तर हे दिसतच नाही. म्हणून एखादा नवा आकडा समोर आला की थर किती जाड होता, किती दिवसांचा होता आणि मिश्रण वापरले होते का, हे मी आधी विचारतो.

पाण्याच्या बाबतीत तर अधिक वेगवान पटलाने फारसे साधतही नाही. समुद्राच्या पाण्याचा परासरण दाब, म्हणजे मीठ मागे ठेवून पाणी काढायला ओलांडावा लागणारा दाब, सुमारे २७ बार (हवेच्या दाबाच्या साधारण २७ पट) असतो. त्यातले निम्मे पाणी काढून घेतले की उरलेले दुप्पट खारट होते आणि त्याचा दाब ५४ बारच्या आसपास जातो. तेवढा दाब दिल्याशिवाय गत्यंतर नाही, मग पटल कितीही उत्तम असो. एकाच टप्प्यात दाब द्यायचा तर घनमीटर गोड्या पाण्यामागे सुमारे दीड किलोवॅट-तास ऊर्जेच्या खाली उतरता येत नाही, आणि चांगले प्रकल्प या टप्प्यावर आज दोनच्या आसपास आहेत. शिल्लक जागा थोडीच आहे.

तेव्हा, मला हवे ते एक पटल मिळेल असे कोणी म्हणाले तर मी बारीक भोके मागणार नाही. आजच्या पॉलिअमाइडइतकेच निवडक, पण क्लोरीन सोसणारे पटल मागेन. पाण्यात जंतूंचा थर पटलावर चढू नये म्हणून क्लोरीन घालायचा, तोच क्लोरीन पॉलिअमाइड कुरतडतो म्हणून पटलाच्या आधी बायसल्फाइट नावाचे रसायन घालून तो काढायचा, आणि पलीकडे आलेल्या शुद्ध पाण्यात पुरवठ्याआधी तो पुन्हा घालायचा, असा हा उद्योग कित्येक प्रकल्पांत चालतो. आणि क्लोरीन काढल्यानंतरच्या नेमक्या त्या टप्प्यात जंतू पटलावर आपला संसार थाटतात.