टांकसाळीसमोरची थडगी

पीटर-पॉल किल्ल्याच्या आवारात शिरलो आणि नारिश्किन बुरुजावरची तोफ धडाडली. दुपारचे बारा. सेंट पीटर्सबर्गमध्ये ती रोज याच वेळी डागतात.

मी जुनी नाणी जमवतो, पण या शहरात नाणी विकत घ्यायला आलो नव्हतो. शंभर वर्षांहून जुनं नाणं परवानगीशिवाय रशियाबाहेर नेता येत नाही. आपल्याकडेही १९७२ चा पुरावस्तू कायदा आहे, म्हणून माझे जुने रशियन रुबल घरीच होते. सोबत होते फक्त त्यांचे फोटो. त्या नाण्यांवरचे चेहरे जिथे घडले आणि जिथे पुरले गेले, ती जागा मला बघायची होती.

ती एकच जागा आहे! किल्ल्यातल्या कॅथेड्रलच्या, म्हणजे मोठ्या चर्चच्या, दाराकडे पाठ करून उभं राहिलं की चौकापलीकडे टांकसाळ दिसते. पीटर द ग्रेटनं १७२४ मध्ये ती किल्ल्यात सुरू केली. आजची इमारत नंतरची असली तरी टांकसाळ अजून चालू आहे. आत कॅथेड्रलमध्ये रशियाच्या सम्राट-सम्राज्ञींची पांढऱ्या संगमरवराची थडगी ओळीनं मांडलेली आहेत: पीटर, पहिली कॅथरीन, ॲना, एलिझाबेथ, तिसरा पीटर, दुसरी कॅथरीन, पॉल. बहुतेक सगळी एकसारखी, त्यामुळे नावं वाचल्याशिवाय कोण कुठे ते कळत नाही. पीटरजवळ त्याचा अर्धपुतळा आहे, पण बाकीच्यांचे चेहरे मला फोनमधल्या रुबलांवरच शोधावे लागले.

माझा छंद सुरू झाला शिवराईपासून. पुढे पेशवाईतले चांदवडी रुपये आले. या नाण्यांवर अक्षरं असतात, चिन्हं असतात, पण राजाचा चेहरा नसतो. त्यामुळे दुसऱ्या कॅथरीनचा रुबल पहिल्यांदा तळहातावर घेतला तेव्हा मी बराच वेळ नुसता बघत राहिलो. २४ ग्रॅमचं नाणं, म्हणजे आपल्या तेव्हाच्या दोन रुपयांएवढं वजन, आणि त्यावर उजवीकडे बघणारी एक खरीखुरी बाई. १७६२ ते ६५ च्या नाण्यांवर तिच्या गळ्याशी रुमाल आहे, १७६६ पासून तो नाही. पुढच्या नाण्यांवर ती वयानं वाढत जाते, हनुवटीखाली मांस येतं. चौतीस वर्षांचं राज्य असं एकामागोमाग एक ट्रेमध्ये मांडता येतं. मला तर तिचा उतारवयातला चेहराच जास्त आवडतो.

वजनाचं म्हणाल तर पीटरचा रुबल २८ ग्रॅमच्या आसपास होता, एलिझाबेथचा २५.८५ आणि तिसऱ्या पीटरपासून २४. मी तिसऱ्या पीटरचा म्हणून घेतलेला पहिला रुबल काट्यावर २१ भरला, म्हणजे नकली. विकणाऱ्यानं पैसे परत केले नाहीत. तेव्हापासून आधी काटा, मग भिंग आणि सगळ्यात शेवटी मोह.

तिसऱ्या पीटरच्या थडग्यापाशी मी जास्त वेळ रेंगाळलो. १७६२ मध्ये बायकोनं, म्हणजे दुसऱ्या कॅथरीननं, गादीवरून उतरवल्यावर काही दिवसांतच तो मारला गेला आणि त्याला अलेक्झांडर नेव्हस्की मठात पुरलं. १७९६ मध्ये कॅथरीन गेली, तेव्हा मुलानं, पॉलनं, बापाला तिथून काढून इथे आईशेजारी आणलं. याच पॉलनं आपल्या रुबलांवर चेहरा छापायचं नाकारलं. त्याऐवजी स्तोत्रातली ओळ आली: ‘आम्हाला नव्हे, आम्हाला नव्हे, तर तुझ्या नावाला’.

कॅथेड्रलमधल्या थडग्यांच्या रांगेत दोन नावं नाहीत. एक दुसरा पीटर, तो मॉस्कोत क्रेमलिनमध्ये आहे. दुसरा सहावा इव्हान.

त्याच्यासाठी दुसऱ्या दिवशी बसनं श्लिसेलबुर्ग गाठलं. लादोगा सरोवरातून नेवा नदी निघते तिथे एका बेटावर किल्ला आहे, होडीनं जावं लागतं. इव्हान १७४० च्या ऑक्टोबरमध्ये सम्राट झाला तेव्हा दोन महिन्यांचा होता. रुबलावर त्या बाळाच्या डोक्यावर लॉरेलची पानं आहेत. वर्षभरानंतर एलिझाबेथनं त्याला उतरवलं, त्याची नाणी परत मागवली, वितळवली आणि पुढे ती बाळगणं हा गुन्हा ठरला. मुलगा मात्र कैदेत वाढला. १७५६ पासून तो या बेटावर होता, तोही नाव नसलेला कैदी म्हणून. १७६४ मध्ये एका अधिकाऱ्यानं त्याला सोडवायचा प्रयत्न केला, तेव्हा पहारेकऱ्यांनी इव्हानला ठार केलं. त्याची कबर कुठे आहे ते आजही नक्की माहीत नाही. तटाला पाणी आपटत होतं आणि मला होडीत परत बसवेना.

इव्हानचे काही रुबल वितळवण्याऐवजी त्यावरच एलिझाबेथचा ठसा मारला गेला. क्वचित तिच्या चेहऱ्याच्या कडेनं खालची जुनी अक्षरं डोकावतात. माझ्याकडे तिचा १७४२ चा एक रुबल आहे. पुण्यात परतल्या रात्रीच तो दिव्याखाली धरला, तिरपा करून, भिंग लावून. झुलपांमागे एक बारीक रेघ आहे. ती अक्षराची आहे की झिजेची, हे अजून ठरत नाही.