आमची वाटचाल : छत्तीस महिन्यांचा कागद

ठाण्यात नौपाड्यातील आमच्या दोन खोल्यांच्या कार्यालयात तपकिरी क्राफ्ट कागदाचे रोल भिंतीला टेकून उभे असतात. विद्यापीठातील संशोधकांना प्रकल्प व्यवस्थापनाची तोंडओळख करून देणे हा आमचा व्यवसाय आणि हा कागद आमचे मुख्य अवजार. तीन वर्षांचा मंजूर प्रकल्प म्हणजे छत्तीस महिने. महिन्याला १० सेंटिमीटर धरले की ३ मीटर ६० सेंटिमीटरची पट्टी होते. तिच्यावर कामांची कार्डे लावायची ती मास्किंग टेपनेच, कारण भिंतीत पिन टोचली की सभागृहाचे शिपाई हरकत घेतात. क्रिटिकल पाथ, म्हणजे ज्यातील एक काम लांबले की सारा प्रकल्प लांबतो ती कामांची साखळी, दाखवायला मात्र स्केचपेन नव्हे, लाल लोकर लागते, कारण संशोधनात तो मार्ग दर महिन्याला सरकतो आणि शाईची रेघ सरकवता येत नाही.

लोकर सुचली ती माझ्या पहिल्या भागीदाराला. ते ठाणे-बेलापूर पट्ट्यातील कारखान्यात शटडाऊनचे, म्हणजे देखभालीसाठी कारखाना बंद ठेवण्याच्या काळाचे, नियोजन करून निवृत्त झाले होते. क्रिटिकल पाथची पद्धत ड्यूपाँट या अमेरिकी रसायन कंपनीत १९५० च्या दशकाच्या अखेरीस रासायनिक कारखान्यांच्या उभारणी-देखभालीसाठीच घडली, तेव्हा ती आपल्या घरचीच, असे ते वर्गात ऐटीत सांगत. ट्रान्सहार्बर लोकलने वाशीला जाताना तो रोल डब्यात आडवा धरून ते उभे राहत, आणि कोणाचा धक्का लागला तर माझ्यावर रागावत.

पुढची काही वर्षे बरी गेली. मग आमच्याकडेच उमेदवारी केलेल्या एका गृहस्थांनी आमच्या पट्ट्यांचे फोटो काढून, कागदाऐवजी पडद्यावर, दोन तासांत आणि प्रमाणपत्रासह तोच विषय शिकवण्यास सुरुवात केली. ज्या संस्थेत आम्ही सलग शिकवत होतो, तिने कोटेशन मागवले आणि एल-वन, म्हणजे सर्वांत कमी दराचे, म्हणून काम त्यांना दिले. दराचे दुःख नाही, त्यांच्या उदाहरणाचे आहे. ते सारे काही लग्नाच्या तयारीवरून शिकवतात. लग्नाचा मुहूर्त ठरलेला असतो आणि शेवटी लग्न लागते. संशोधकाला मात्र आपल्या प्रयोगातून काय निघणार हेच ठाऊक नसते, आणि त्याचे वेळापत्रक बहुधा प्रयोगात नव्हे, तर नैतिकता समितीची मंजुरी, तीन कोटेशने आणि आयात रसायन यांची वाट पाहण्यात कोसळते. आमच्या पट्टीवर या वाट पाहण्याची पिवळी कार्डे असतात. फोटोत तीही होती, पण त्यांना ती सजावट वाटली असावी.

त्यातच मार्च २०२० आला. सभागृहे बंद झाली, ठरलेले वर्ग रद्द झाले, भागीदारांनी प्रकृतीच्या कारणाने अंग काढून घेतले आणि मी एक खोली सोडण्याची नोटीस लिहून ठेवली. तेव्हा रसायनशास्त्राच्या एका प्राध्यापक बाईंनी, ज्या पहिल्या वर्षापासून आपले विद्यार्थी आमच्याकडे पाठवीत, फोन करून विचारले, "घरातल्या जुन्या कॅलेंडरची पाने पाठमोरी चिकटवली तर चालतील का?" त्यांच्या विद्यार्थ्यांनी आपापल्या घरी दारांवर पट्ट्या लावल्या, एका मुलीची पट्टी स्वयंपाकघरातून बाल्कनीपर्यंत गेली होती. शुल्क बाईंनी आगाऊ पाठवले. नोटीस मी फाडली.

संशोधकांना येथे दोन गोष्टी सांगतो, कोणी विचारले नसले तरी. खर्चाच्या यूसीची, म्हणजे अनुदान ठरलेल्या कामासाठीच वापरल्याच्या प्रमाणपत्राची, तारीख पट्टीवर सर्वांत आधी लावा आणि तेथून मागे या. दुसरे म्हणजे, कालावधी विचारला की एकच आकडा देऊ नका. रसायन लवकरात लवकर १ महिन्यात, बहुधा २ महिन्यांत आणि वाईटात वाईट ९ महिन्यांत येणार असेल, तर मधल्या आकड्याची चौपट करून त्यात दोन्ही टोके मिळवा आणि ६ ने भागा. उत्तर ३ महिने येते. मार्गदर्शकांना २ सांगितलेले असते, आणि भांडण तेथेच सुरू होते.

त्या संस्थेने यंदा आमच्याकडे पुन्हा कोटेशन मागितले आहे. दर जुनाच दिला आहे, फक्त लोकरीचे पैसे वेगळे लावले आहेत.