चार गुणसूत्रांचा कांदा

अकरावीत मी काही हुशार विद्यार्थ्यांत मोडत नव्हतो, पण माझं जर्नल देखणं असायचं. आकृत्या रेखीव, अक्षर वळणदार. त्या जर्नलनंच घात केला.

प्रॅक्टिकल होतं कांद्याच्या मुळावरचं. पाण्यावर ठेवलेल्या कांद्याला फुटलेल्या पांढऱ्या मुळांची दोन-तीन मिलिमीटरची टोकं कापायची, कारण पेशी विभागतात त्या तिथंच. मग सौम्य हायड्रोक्लोरिक आम्ल, म्हणजे पेशींना एकमेकींशी चिकटवणारा थर सुटतो. त्यावर ॲसिटोकार्मिन या लाल रंजकाचे थेंब, स्पिरिट लॅम्पवर हलकी ऊब (उकळलं की सगळं वाया) आणि शेवटी कव्हरस्लिपवर अंगठ्याचा दाब. माझ्या दोन कव्हरस्लिपा तडकल्या. तिसऱ्या स्लाइडवर नुसतेच लालसर ठिपके दिसले. कंटाळून पुस्तक उघडलं आणि पेशीविभाजनाच्या पूर्वावस्थेपासून अंत्यावस्थेपर्यंत चारही आकृत्या झोकात उतरवल्या.

बाईंनी जर्नल पाहिलं, मग मायक्रोस्कोपला डोळा लावला.

"कांद्याच्या पेशीत गुणसूत्रं किती रे?"

"सोळा, बाई."

"मग तुझ्या मध्यावस्थेत चारच कशी?"

पुस्तकाच्या चित्रकारानं सोयीसाठी चार काढली होती, ती मी इमानेइतबारे उचलली होती! वर्ग हसला. बाई हसल्या नाहीत. आकृत्यांवर काट मारून म्हणाल्या, "आता जे दिसतंय ते मोज."

मोजायला बसलो. शंभर पेशींत विभागणाऱ्या दहासुद्धा भरेनात आणि त्यांतही बहुतेक पूर्वावस्थेतल्याच. बाकी सगळ्या निवांत, गोल केंद्रकाच्या. स्लाइड बिघडली म्हणून मी रडकुंडीला आलो, तर बाई म्हणाल्या, "बिघडली कुठं? सगळ्या पेशी एकाच क्षणी थांबवल्यास तू. जिथं पेशी जास्त, त्या अवस्थेला वेळ जास्त." म्हणजे माझे ते ठिपके म्हणजे घड्याळच होतं. पेशीचं बरंचसं आयुष्य तयारीत जातं, हे मी परीक्षेसाठी पाठ केलं होतं. त्या दिवशी मोजून पाहिलं.

पुढच्या वर्षी मेंडेल आला, वाटाण्यांवर प्रयोग करून आनुवंशिकतेचे नियम मांडणारा. बाईंनी फळ्यावर ५४७४ गोल आणि १८५० सुरकुतलेले दाणे लिहिले आणि मला भागाकार करायला लावला. २.९६. नियमानं एका सुरकुतलेल्यामागं तीन गोल यायला हवेत, पण तीन नाहीच. पुढं कधीतरी वाचलं, की १९३६ मध्ये फिशर या संख्याशास्त्रज्ञानं मेंडेलचे आकडे जरा जास्तच जुळतात अशी शंका काढली होती. मला माझं जर्नल आठवलं आणि मेंडेलबद्दल उगीच आपुलकी वाटली.

आज मी वनस्पती प्रजननात काम करतो. वाटाण्याचं फूल उमलण्याआधीच, कळीत असतानाच, स्वपरागण उरकतं. म्हणून संकर करायचा तर कोवळी कळी चिमट्यानं उघडून दहाही पुंकेसर काढावे लागतात. एखादा राहिला तर संकर म्हणून लेबल लावलेली शेंग मुळात संकराची नसतेच. दाण्याचा आकार मात्र शेंगेतच कळतो, कारण दाणा म्हणजे पुढची पिढी. संकरित झाडाच्या एकाच शेंगेत गोल आणि सुरकुतलेले दाणे शेजारी बसलेले असतात.

नवी मुलं नोंदवही घेऊन येतात. पानावर बरोब्बर ७५ आणि २५ दिसले, की मी सही करत नाही. आधी शेंगा मागवतो.