अनारकलीच्या पायाशी स्कूटर

अनारकलीला भिंतीत चिणलं, अशी दंतकथा. वांद्र्याच्या चॅपल रोडवर मात्र मला ती भिंतीवर भेटली. पायाशी कुणाची तरी स्कूटर लावलेली.

ते १९५३ च्या 'अनारकली'चं पोस्टर होतं. बीना राय, प्रदीपकुमार आणि संगीत आपल्या चितळकरांचं, म्हणजे सी. रामचंद्रांचं. रणजित दहियाने २०१२ साली ते इथे रंगवलं. हा सोनिपतकडचा माणूस. सुरुवात भिंतींना चुना मारण्यापासून, पुढे अहमदाबादच्या एनआयडी या डिझाइन संस्थेत शिक्षण. भिंत कुठे रंग पिते आणि कुठे पोपडे धरते, हे काही त्याला कॉलेजात कळलं नसणार! त्याचेच दादासाहेब फाळके २०१४ मध्ये वांद्रे रेक्लमेशनजवळ एमटीएनएलच्या इमारतीवर आले. ते बघायला मान दुखेपर्यंत वर करावी लागते. चॅपल रोडवरची चित्रं हाताला लागतात. गल्लीच एवढी अरुंद, की रिक्षा आली तर आपणच चित्राला चिकटायचं.

पुढे रणवार. जुनं गावठाण. बाहेरून चढणारे लाकडी जिने, उतरती कौलं आणि पिढ्यान्‌पिढ्या राहणारे ईस्ट इंडियन, म्हणजे इथलेच मूळ रहिवासी. धर्माने कॅथलिक, बोली मराठीची. उन्हाळ्यात मिरच्या वाळवून मसाला करायचा आणि बिअरच्या गडद बाटल्यांत ठासून भरायचा. म्हणून नावच बॉटल मसाला. मुंबईतल्या अशा गावठाणांत नाक्यानाक्यावर क्रूस दिसतात. त्यांतले कित्येक १८९६ च्या प्लेगच्या धास्तीने उभारलेले. चित्रांचे फोटो काढणारे त्यांच्याकडे क्वचितच वळतात. मीही वळले नव्हते, खोटं कशाला बोलू.

एका घराच्या भिंतीवर मोठं झाड रंगवलेलं होतं. मी मोबाइल तिरका करून ते अख्खं बसवायच्या खटपटीत. तेवढ्यात फांदीच्या मधोमध खिडकी उघडली आणि एका आजींनी टॉवेल झटकून दांडीवर टाकला. मी मोबाइल खाली घेतला. घर कुणाचं, हे तोवर डोक्यातच आलं नव्हतं.

"काढ, काढ," आजी म्हणाल्या. "टॉवेल पण येऊ दे."

आला. निळा, चौकडीचा. झाड कसलं होतं ते मात्र फोटोत नीट कळत नाही.