शाळेत असताना रुग्णालयात इंटर्नशिप करायची असेल तर

डॉक्टर, नर्स किंवा आरोग्यक्षेत्रातलं आणखी काही व्हायचं ठरवलेली मुलं इंटर्नशिपबद्दल बहुतेक वेळा एकच प्रश्न विचारतात: ‘तिथे काय काय करायला मिळेल?’ माझ्या मते आधी विचारायला हवं ते हे: ‘काय काय करू देणार नाही?’ ज्या रुग्णालयाकडे या प्रश्नाचं लेखी उत्तर तयार असतं, तिथे तुम्हाला कसं शिकवायचं याचा कुणीतरी खरोखर विचार केलेला असतो. कोणत्या विभागात किती तास, देखरेख कुणाची, ती व्यक्ती रजेवर असेल त्या दिवशी कुणाकडे जायचं आणि कशाला हात लावायचा नाही, एवढं कागदावर हवंच.

‘या, इंजेक्शन द्यायला शिकवतो, टाके घालायला देतो’ असं कुणी सांगत असेल तर तिथे जाऊ नका. रुग्णाने संमती दिलेली असते ती प्रशिक्षित माणसाला, तुम्हाला नाही. काही बिघडलं तर त्रास रुग्णाला होतो, आणि तुमच्या हाताला सुई लागली तर तुमची जबाबदारी कुणावर हेही स्पष्ट नसतं.

नावात ‘इंटर्नशिप’ असलं तरी आत तीन वेगळ्या गोष्टी असतात. एक म्हणजे शॅडोइंग: एखाद्या डॉक्टरच्या किंवा तंत्रज्ञाच्या मागे राहून फक्त पाहायचं. दुसरी स्वयंसेवा, म्हणजे रुग्णांना रस्ता दाखवणं, फाइली पोहोचवणं, साहित्याची मांडणी करणं. आणि तिसरी खरी इंटर्नशिप, ज्यात ठरावीक विभाग, ठरावीक काम आणि शेवटी एखादा छोटा अहवाल असतो. तिन्हींचा उपयोग आहे, पण आपण कशासाठी अर्ज करतोय ते आधी विचारून घ्या. फी घेणारे उपक्रम सगळेच वाईट नसतात, पण त्यातले किती तास वॉर्डात आणि किती तास वर्गात सरावाच्या पुतळ्यांवर, याचा हिशेब मागा.

अर्ज थेट संचालकांच्या नावाने पाठवला तर तो कुठेतरी पडून राहतो. नर्सिंग अधीक्षक, प्रशिक्षण विभाग किंवा स्वयंसेवकांचे समन्वयक यांच्यापैकी कुणी असेल त्यांना लिहा. आठ-दहा ओळी पुरेत: वय, इयत्ता, कोणत्या तारखांना आठवड्याला किती तास येऊ शकता, कोणता विभाग पाहायचा आहे आणि का, पालकांची लेखी संमती तयार आहे का. ‘मला समाजसेवेची आवड आहे’ यापेक्षा ‘प्रयोगशाळेत नमुना आल्यापासून रिपोर्ट जाईपर्यंत काय होतं ते पाहायचंय’ हे वाक्य वाचणाऱ्याच्या लक्षात राहतं.

तयारी मात्र सहा महिने आधी सुरू करा, आणि याचं कारण लसीकरण. हेपेटायटिस बीच्या लशीचे नेहमीचे तीन डोस ०, १ आणि ६ महिन्यांना असतात. बाळपणी पूर्ण झाले असतील तर नोंद शोधून ठेवा. गोवर-गालगुंड-रुबेला, कांजिण्या आणि धनुर्वाताच्या नोंदीही बहुतेक ठिकाणी मागतात. क्षयरोगाची त्वचेवरची चाचणी एका भेटीत होत नाही. टोचल्यानंतर ४८ ते ७२ तासांत पुन्हा जाऊन ती मोजून घ्यावी लागते, उशीर झाला की पुन्हा पहिल्यापासून. गोवर-गालगुंड-रुबेलाची लस घ्यायची असेल तर ती आणि ही चाचणी एकाच दिवशी करा, नाहीतर लशीनंतर किमान चार आठवडे थांबा. त्या लशीमुळे त्वचेची प्रतिक्रिया काही काळ दबते आणि चाचणी चुकीने निगेटिव्ह येऊ शकते. उलट क्षयरोगाची बीसीजी लस घेतलेली असेल तर त्वचेची चाचणी चुकीने पॉझिटिव्ह येऊ शकते. अशा वेळी इग्रा ही रक्तचाचणी करता येईल का ते विचारा, ती बीसीजीने फसत नाही.

कपड्यांचं थोडक्यात सांगते. पुढून बंद, न घसरणारे बूट, बांधलेले केस, कापलेली नखं. कोपराखाली काही नको: अंगठी नाही, घड्याळ नाही, दोरा नाही. त्यांच्याखाली पाणी आणि जंतुनाशक पोहोचत नाही. गळ्यात स्टेथोस्कोप घालून फिरू नका. रुग्ण तुम्हाला डॉक्टर समजून काहीतरी महत्त्वाचं सांगतील आणि ते योग्य माणसापर्यंत पोहोचणारच नाही. ‘विद्यार्थी’ लिहिलेलं ओळखपत्र समोर दिसलं पाहिजे, आणि कुणी ‘डॉक्टर’ म्हणून हाक मारली तर तिथल्या तिथे ‘मी विद्यार्थी आहे, सिस्टरना बोलावते’ असं सांगायचं.

हात धुणं सगळ्यांना येतं असं वाटतं, पण नीट करणारे थोडे. १८४७ साली व्हिएन्नातल्या प्रसूतिगृहात इग्नाझ सेमेलवाइस यांनी डॉक्टरांना क्लोरीनच्या द्रावणाने हात धुवायला लावले आणि बाळंतिणींचे मृत्यू झपाट्याने कमी झाले. तेव्हापासून हा मुद्दा सिद्ध झालेला आहे. आज जागतिक आरोग्य संघटनेची पद्धत अशी: अल्कोहोलचं हँडरब असेल तर एका तळहाताची खोलगट वाटी भरेल इतकं घेऊन २० ते ३० सेकंद, साबण-पाणी असेल तर सगळं धरून ४० ते ६० सेकंद. राहून जातात ते अंगठे, बोटांची टोकं आणि बोटांमधल्या बेचक्या. हँडरब कोरडा होईपर्यंत चोळायचा, ओले हात कपड्याला पुसायचे नाहीत. हात दिसण्याइतके मळले असतील किंवा जुलाबाचा रुग्ण असेल तर साबण-पाणीच हवं, कारण क्लॉस्ट्रिडियम डिफिसील या जुलाब घडवणाऱ्या जिवाणूचे बीजाणू अल्कोहोलने मरत नाहीत. हातमोजे घातले म्हणून यातून सुटका नाही. ते काढल्यावर पुन्हा हात स्वच्छ करायचे.

हात कधी स्वच्छ करायचे याचे पाच प्रसंग ठरलेले आहेत: रुग्णाला स्पर्श करण्याआधी, निर्जंतुक कामाआधी, शरीरातल्या द्रवाशी संपर्क आल्यावर, रुग्णाला स्पर्श केल्यानंतर आणि रुग्णाच्या आसपासच्या वस्तूंना हात लागल्यावर. विद्यार्थी चुकतात ते पाचव्यात. रुग्णाला हात लावलाच नाही, फक्त पलंगाच्या कठड्याला टेकून उभे राहिलो, पडदा सरकवला, फाइल उचलली. त्या कठड्यावर, पडद्यावर जंतू असतातच.

आता पाण्याचा प्रश्न. वॉर्डात उभे असताना रुग्ण तुमच्याकडे सगळ्यात जास्त वेळा काही मागेल तर ते पाणी. देऊ नका. ऐकायला हे निष्ठुर वाटतं, पण त्या रुग्णाचं थोड्या वेळाने ऑपरेशन असू शकतं, आणि पोटात काही असताना भूल दिली तर ते उलटून फुप्फुसात जाण्याचा धोका असतो. पक्षाघाताच्या रुग्णाला गिळता येत नसेल तर साधं पाणीही श्वासनलिकेत जातं. मूत्रपिंडाच्या किंवा हृदयाच्या आजारात दिवसभराचं पाणी मोजून दिलेलं असतं. ‘मी विचारून येते’ म्हणायचं, सिस्टरना विचारायचं आणि उत्तर घेऊन रुग्णाकडे परत यायचं. हे परत येणं विसरू नका. तो माणूस वाट पाहत असतो.

उठायला मदत मागितली तरी तेच. स्वतः उचलायला जाऊ नका, बेल दाबा. व्हीलचेअर ढकलायचं काम दिलं असेल तर ती कशी हाताळायची ते आधी कुणाकडून तरी प्रत्यक्ष शिकून घ्या. बसताना आणि उठताना दोन्ही ब्रेक लावलेले आणि पायपट्ट्या वर केलेल्या हव्यात, कारण पायपट्टीवर उभं राहिलं की खुर्ची पुढे कलंडते. लिफ्टमध्ये खुर्ची उलटी, म्हणजे मोठी चाकं आधी न्यायची, नाहीतर पुढची लहान चाकं फटीत अडकतात. उतारावरही मागे तोंड करून उतरायचं. लघवीची पिशवी लावलेली असेल तर ती मूत्राशयाच्या पातळीच्या खालीच राहिली पाहिजे. वर उचलली तर लघवी उलटी जाऊन संसर्ग होऊ शकतो. सलाइन किंवा ऑक्सिजनची नळी तुम्ही सोडवायची नाही.

चक्कर येण्याबद्दल मुलांना फार लाज वाटते, म्हणून जरा सविस्तर. रक्त किंवा जखम पाहिल्यावर काहींच्या शरीरात नाडी मंदावते, रक्तवाहिन्या सैलावतात, रक्तदाब उतरतो आणि मेंदूला रक्त कमी पडतं. उपाशीपोटी, गरम खोलीत, गुडघे ताठ करून बराच वेळ उभं राहिलं की रक्त पायात साचतं आणि हे आणखी लवकर होतं. यावरून तुम्ही या क्षेत्राला लायक नाही असं अजिबात ठरत नाही. काहीतरी खाऊन जा, पाणी प्या, उभे असताना गुडघे थोडे सैल ठेवा. घाम, मळमळ, कानात घुमणं, डोळ्यांपुढे अंधारी अशी लक्षणं आली की ताबडतोब जमिनीवर बसा किंवा आडवे व्हा. सांगायला कचरून कडेला उभं राहणं हीच खरी धोक्याची गोष्ट, कारण डोकं कठड्यावर आपटतं. बसायला जागाच नसेल तर पाय एकमेकांवर ठेवून मांड्या आणि पोट घट्ट आवळा, रक्तदाब थोडा वर येतो आणि बसेपर्यंतचा वेळ मिळतो.

शस्त्रक्रियागृहात पाहायला मिळालं तर निर्जंतुक चादरींपासून आणि ट्रॉलीपासून किमान ३० सेंटिमीटर दूर राहायचं आणि त्यांच्याकडे पाठ करायची नाही. चुकून स्पर्श झालाच तर लगेच मोठ्याने सांगा. कुणी रागावलं तरी चालेल, ते साहित्य बदलता येतं, पण न सांगितलेला स्पर्श कुणालाच कळत नाही. एमआरआयच्या खोलीबाहेर खिसे रिकामे करा. तो चुंबक तपासणी चालू नसतानाही चालूच असतो. एक्स-रे निघत असताना खोलीच्या बाहेर थांबायचं.

सुईला हात लावायचा नाही, जमिनीवर पडलेली असली तरी. तरीही टोचलीच तर जखम पिळू नका, वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवा आणि त्याच मिनिटाला देखरेख करणाऱ्या व्यक्तीला सांगा. एचआयव्ही टाळण्यासाठीची औषधं लागणार असतील तर ती जितक्या लवकर तितकी चांगली, ७२ तासांनंतर सुरू करून उपयोग नसतो. ‘उद्या सांगू’ इथे चालत नाही.

या सगळ्या बंधनांत शिकायला काय उरतं? पुष्कळ उरतं. एका रक्ताच्या नमुन्याचा प्रवास पाहा. जांभळ्या टोपणाच्या नळीत ईडीटीए असतं, ते कॅल्शियमला धरून ठेवतं म्हणून रक्त गोठत नाही. रक्त घेतल्यावर ती नळी आठ-दहा वेळा हळूच उलटी-सुलटी केली नाही तर आत गुठळी होते आणि नमुना परत पाठवला जातो. जोरात हलवली तर पेशी फुटतात. तेच रक्त चुकून दुसऱ्या नळीत ओतलं तर पोटॅशियम खोटं वाढलेलं आणि कॅल्शियम खोटं कमी दिसतं, कारण या नळीतलं ईडीटीए बहुधा पोटॅशियमच्या क्षाराच्या रूपात असतं. पेशी फुटल्या तरीही पोटॅशियम वाढलेलं दिसतं. नाव नळीवर रुग्णाच्या शेजारीच का लिहायचं, टेबलापाशी जाऊन का नाही, हे विचारा. मग प्रयोगशाळेच्या परवानगीने, कुठलंही नाव न घेता, आठवडाभरात किती नमुने कोणत्या कारणाने नाकारले गेले याची नोंद ठेवा. शाळेतल्या मुलाला करता येईल असा याहून चांगला प्रकल्प मला माहीत नाही.

रक्तदाब घेताना नुसता आकडा पाहू नका. रुग्ण पाच मिनिटं शांत बसला होता का? पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, दंड हृदयाच्या पातळीवर आहे का? पट्टा दंडाला लहान पडत असेल, पाय दुमडलेले असतील, बोलणं चालू असेल किंवा लघवीला लागलेली असेल तर आकडा वाढून येतो, आणि त्या आकड्यावर गोळी ठरते. निरीक्षण शिकायचं ते असं.

आणि ड्युटी बदलतानाचा हँडओव्हर नक्की पाहायला मागा. परिस्थिती काय, पार्श्वभूमी काय, माझा अंदाज काय, पुढे काय करावं, या क्रमाने एक सिस्टर दुसरीला रुग्ण सोपवते. रुग्णालय कशावर चालतं ते इथे दिसतं. फिजिओथेरपिस्ट, औषधनिर्माता, आहारतज्ज्ञ, रेडिओग्राफर, उपकरणं निर्जंतुक करणारे, यंत्रं दुरुस्त करणारे अभियंते यांच्यासोबत अर्धा-अर्धा दिवस मिळाला तर तोही घ्या. डॉक्टरच व्हायचं म्हणून आलेल्या कितीतरी मुलांना आपलं काम इथे सापडतं.

गोपनीयतेत फोटो न काढणं तर आलंच, पण चेहरा नसलेला फोटो, भिंतीवरच्या फलकाचा फोटो आणि मित्रांच्या ग्रुपवरचं ‘आज एक केस आली होती’ हेही आलं. लिफ्टमध्ये बोलू नका, शेजारी त्याच रुग्णाचे नातेवाईक उभे असू शकतात. ओळखीचं कुणी दाखल झालेलं दिसलं तर देखरेख करणाऱ्यांना सांगून दुसरीकडे काम मागा. घरीही सांगायचं नाही. वहीत नावं, खाट क्रमांक, तारखा नकोत; प्रक्रिया, शंका आणि मिळालेली उत्तरं लिहा.

एखाद्या दिवशी कुणाचा मृत्यू समोर होईल. खोलीबाहेर जाण्याची मोकळीक तुम्हाला आहे, त्यासाठी कारण द्यावं लागत नाही. त्याच दिवशी देखरेख करणाऱ्यांशी दहा मिनिटं बोला. चांगल्या ठिकाणी ते स्वतःहून विचारतात.

प्रमाणपत्र शेवटच्या आठवड्यातच मागून घ्या. त्यात तारखा, एकूण तास, विभाग आणि कामाचं स्वरूप लिहिलेलं असावं, नुसतं ‘यशस्वीपणे पूर्ण’ पुढच्या अर्जात कामाला येत नाही. शिफारसपत्र हवं असेल तर ज्यांनी तुम्हाला रोज पाहिलं त्यांच्याकडून घ्या, पद कितीही लहान असो, आणि तुम्ही केलेल्या कामाची अर्ध्या पानाची यादी त्यांना सोबत द्या. ओळखपत्र परत करा आणि ते जमा झाल्याची सही घ्या.