रस्टमध्ये एबीआय: टाइप वाचणारा भाग उभा राहिला

मंडळी, इथेरियम ब्लॉकचेनवरच्या कॉन्ट्रॅक्टशी बोलताना डेटा कसा मांडायचा याचे नियम म्हणजे एबीआय. त्यातले डेटा टाइप वाचणारी माझी छोटी रस्ट क्रेट (लायब्ररी) आता वापरण्याजोगी झाली आहे. प्रत्यक्ष डेटा उलगडणारा डिकोडर व्हायचा आहे, पण टाइपची स्ट्रिंग दिली की तिचं झाड हातात येतं आणि झाडावरून प्रमाण स्ट्रिंग परत काढता येते. अलॉयसारखी कसलेली लायब्ररी असताना हा उद्योग कशाला, असं कोणी विचारेलच. हौस, दुसरं काय! कॉलडेटातले (कॉन्ट्रॅक्टला कॉल करताना पाठवलेल्या डेटातले) ३२-३२ बाइटचे तुकडे स्वतः उलगडायला मजा येते.

व्याकरण तसं एवढंसं. यूइंट आणि इंट ८ ते २५६ बिटांचे, आठ-आठच्या टप्प्याने, अ‍ॅड्रेस २० बाइटचा, बूल, बाइट्स१ ते बाइट्स३२, आकडा नसलेला बाइट्स आणि स्ट्रिंग हे लांबी न ठरलेले, वर अ‍ॅरे आणि टपल (कंसात एकत्र गुंफलेले टाइप). सगळं एका एनममध्ये (ठरावीक पर्यायांच्या टाइपमध्ये) बसतं. रुंदी बिटांत ठेवायची तर २५६ हा आकडा यू८मध्ये मावत नाही, २५५ला गाडी थांबते. म्हणून मी बाइट ठेवतो, १ ते ३२. त्याचा फायदा असा की यूइंट१२ सारखं काही एनममध्ये लिहिताच येत नाही. अ‍ॅरेच्या आतला टाइप बॉक्समध्ये (हीपवरच्या पॉइंटरमागे) घालावा लागतो, नाहीतर टाइपचा आकार अनंत होतो म्हणून कंपायलर अडून बसतो.

अ‍ॅरेची गंमत वेगळी. सॉलिडिटीत (कॉन्ट्रॅक्ट लिहायच्या भाषेत) यूइंट२५६[२][३] म्हणजे तीन घटक, आणि प्रत्येक घटकात दोन यूइंट२५६. सीच्या सवयीने वाचणाऱ्याला हे उलटं वाटतं, पण पार्सरच्या ते पथ्यावर पडतं. आधी मूळ टाइप वाचायचा, मग डावीकडून एकेक कंस येईल तसं आतापर्यंत जमलेलं सगळं बॉक्समध्ये टाकून वर नवा अ‍ॅरे चढवायचा. साधा लूप, रिकर्शनची (फंक्शनने स्वतःलाच बोलावण्याची) गरजच नाही. रिकर्शन लागतं ते फक्त टपलच्या कंसात शिरताना.

खरा वेळ गेला तो नकार देण्यात. रस्टचं पार्स (स्ट्रिंगचा आकडा करणारं फंक्शन) हे पूर्णांकांच्या बाबतीत बरंच उदार आहे. यू१६साठी त्याला "+८" दिलं तर ते मुकाट ८ देतं, "००८" दिलं तरी ८च. म्हणजे बेसावध पार्सरमधून यूइंट+८ आणि यूइंट००८ बिनबोभाट आत येतात, आणि [+३] असा अ‍ॅरेही. म्हणून पार्सला हात लावण्याआधीच मी बाइट तपासतो: सगळे अ‍ॅस्की अंक हवेत, आणि एकाहून जास्त अंक असतील तर पहिला शून्य नको. इथे आपल्या लोकांनी विशेष लक्ष द्यावं असं एक आहे. कॅरेक्टरवरचं इज-न्यूमेरिक आपल्या देवनागरी '२'लाही खरं म्हणतं, तर इज-अ‍ॅस्की-डिजिट खोटं म्हणतं. पहिलं वापरलं तर देवनागरीत लिहिलेला २५६ चाळणीतून उतरतो आणि पुढे पार्सपाशी आपटतो. चूक सापडते, पण भलत्या ठिकाणी. शिवाय देवनागरीचं एक अक्षरचिन्ह यूटीएफ-८मध्ये तीन बाइट घेतं, तेव्हा मनाला येईल त्या बाइटवर स्ट्रिंग कापली की पॅनिक (प्रोग्रॅम जागीच थांबणं) ठरलेलं. माझ्या चाचण्यांत देवनागरी इनपुट मुद्दाम घातलंय.

चूक नेमकी कुठे आहे हे सांगायला वेगळा काउंटर ठेवलेला नाही. मूळ स्ट्रिंगची लांबी वजा उरलेल्या तुकड्याची लांबी, की झाली जागा. त्यामुळे लाइफटाइमचं (रेफरन्स किती काळ वैध, याचं) लचांडही फारसं होत नाही.

खोलीची मर्यादा मात्र हवीच. हजारो उघडे कंस एकापुढे एक दिले तर रिकर्शन स्टॅक खातं, आणि रस्टमध्ये स्टॅक संपला की पॅनिक पकडायची सोय नाही, अख्खी प्रोसेस जाते. इथवर सगळ्यांच्या लक्षात येतं. मला गंमत वाटली ती पुढची: यूइंट२५६ला [] [] [] असे लाखो कंस लावले तर लूपवाला पार्सर ते खुशाल वाचतो, पण ते झाड ड्रॉप होताना (त्याची मेमरी मोकळी होताना) एका बॉक्सच्या आत दुसरा, त्यात तिसरा, असं रिकर्शन चालतं आणि स्टॅक तिथे फुटतो. डिराइव्ह केलेल्या (कंपायलरने आपोआप लिहिलेल्या) तुलनेचंही तेच. म्हणून मर्यादेत मी टपल आणि अ‍ॅरे दोन्ही मोजतो, ३२ पातळ्यांपर्यंत. याहून खोल टाइप कोणी खऱ्या कॉन्ट्रॅक्टमध्ये लिहिला असेल तर त्याला माझा नमस्कार.

पडताळणीसाठी फंक्शन सिलेक्टर, म्हणजे कोणतं फंक्शन बोलवायचं ते सांगणारे चार बाइट, उत्तम. प्रमाण सिग्नेचरचा केकॅक-२५६ हॅश काढायचा आणि पहिले चार बाइट घ्यायचे. ट्रान्सफर(अ‍ॅड्रेस,यूइंट२५६) दिल्यावर ए९०५९सीबीबी आलं पाहिजे. नुसतं यूइंट लिहिलं तर हॅश वेगळा येतो. म्हणून यूइंट मी स्वीकारतो, पण झाडात लगेच यूइंट२५६ करून ठेवतो. हॅश निवडताना नावं नीट बघा: एसएचए३ नावाच्या क्रेटमध्ये केकॅक२५६ आणि एसएचए३_२५६ दोन्ही आहेत. फरक फक्त पॅडिंगचा, उत्तर मात्र पार वेगळं. टपलसाठी मल्टिकॉल३चं (अनेक कॉल एकत्र करणाऱ्या कॉन्ट्रॅक्टचं) अ‍ॅग्रिगेट३ घेतलं, (अ‍ॅड्रेस,बूल,बाइट्स)[] हा त्याचा एकुलता एक आर्ग्युमेंट, सिलेक्टर ८२एडी५६सीबी. युनिस्वॅप व्ही३ या टोकन-अदलाबदलीच्या एक्सचेंजचं एक्झॅक्ट-इनपुट-सिंगलही छान चाचणी आहे, कारण त्यात यूइंट२४ आणि यूइंट१६० असे आडवळणाचे आकार येतात, ४१४बीएफ३८९ जुळलं.

सॉलिडिटी कंपायलरच्या जेसॉनमध्ये टपल निराळ्या वेषात येतो: टाइपच्या जागी टपल[२][] एवढंच, आतले भाग कंपोनंट्समध्ये. कंसांचा लूप वेगळ्या फंक्शनमध्ये काढला आणि दोन्ही वाटा एकाच झाडाला मिळाल्या. त्यात सांगण्यासारखं अजून काही नाही.

आता डिकोडर. पहिली अडचण दिसते आहे ती शून्य लांबीची. यूइंट२५६[०] हे एबीआयच्या नियमांत बसतं, सॉलिडिटीचा कंपायलर मात्र ते घेत नाही. माझा पार्सर नियमाला धरून स्वीकारतो. पण रिकाम्या टपलचा अ‍ॅरे, म्हणजे ()[], आला आणि लांबीच्या जागी अब्जावधीचा आकडा असला तर? घटक शून्य बाइटचे, त्यामुळे 'एवढा डेटा उरलाय का' ही तपासणी निमूट पास होते आणि व्हेक (रस्टची वाढती यादी) मेमरी मागत सुटतो. शून्य आकाराच्या घटकांचा अ‍ॅरे डिकोडरने सरळ नाकारावा, असं माझं मत.

दुसरा प्रश्न ऑफसेटचा, म्हणजे डेटा कुठून सुरू होतो ते सांगणाऱ्या आकड्याचा. सॉलिडिटीचा एन्कोडर नेहमी काटेकोर मांडणी करतो, ना फट ना ओव्हरलॅप. तिचा डिकोडर मात्र ऑफसेट नेईल तिकडे जातो, काटेकोरपणाचा आग्रह धरत नाही. साखळीवर प्रत्यक्ष झालेले व्यवहार वाचायचे तर आपणही तसंच सैल राहायला हवं, नाहीतर कॉन्ट्रॅक्टने चालवून घेतलेला कॉलडेटा आपण चुकीचा ठरवू. त्यामुळे आधी सैल डिकोडर लिहितोय. काटेकोर तपासणी त्यावर पर्याय म्हणून येईल.