लाल चतुर म्हणजे नेमका कोणता?

लग्नाचे फोटो काढणं हा माझा धंदा. चातुर्मास लागला की मुहूर्त संपतात आणि लेन्सला बुरशी धरायला लागते, म्हणून पावसाळ्यात मी चतुर (ड्रॅगनफ्लाय) आणि टाचण्या (डॅम्सलफ्लाय) या कीटकांच्या मागे असतो. आमच्या गोव्यातल्या साखळी गावात हे सगळ्यांना माहीत झालंय. रोज मोबाइलवर कुणाचा तरी फोटो येतो, "दादा, हो तांबडो चतुर खंयचो?"

फोटो बहुतेक वेळा देखणा असतो. मागचं सगळं धूसर, डोळे लखलखीत, नवरीचा क्लोजअप असावा तसा. पण चेहऱ्यावरून चतुर ओळखता येत नाही हो!

आमच्याकडे 'लाल' म्हटलं की निदान चार उमेदवार उभे राहतात. अंगभर लालभडक आणि पाठीवरून शेपटीकडे मधोमध बारीक काळी रेघ असेल तर क्रोकोथेमिस सर्विलिया. तसाच लाल, पण मागच्या पंखाच्या मुळाशी गडद डाग आणि शेपटीच्या शेवटाकडे वर काळे ठसे दिसले तर युरोथेमिस सिग्नाटा. हा काडीच्या अगदी शेंड्यावर बसतो. गुलाबी-जांभळट, पंखांच्या शिरासुद्धा लाल, तो ट्रायथेमिस ऑरोरा. छाती काळपट निळी आणि शेपटी तेवढी लालसर, तो ऑर्थेट्रम प्रुइनोसम. आणि हे झाले फक्त वयात आलेले नर. क्रोकोथेमिसची मादी पिवळी, कोवळा नरही पिवळाच. मग रंगाचं काय घेऊन बसायचं?

म्हणून माझी मागणी ठरलेली आहे: एक फोटो वरून, एक बाजूनं, एक शेपटीच्या टोकाचा. बाजूच्या फोटोत छातीवरचे पट्टे कळतात, शिवाय नर असेल तर शेपटीच्या मुळाशी, खालच्या अंगाला उंचवटा दिसतो. टोकाचा फोटो मात्र कुणी काढत नाही. आपल्या गोमंतकाचं नाव मिळालेला एक चतुर आहे, इडिओनिक्स गोमांतकेन्सिस. 2013 साली त्याचं वर्णन प्रसिद्ध झालं. त्या कुळातले भाऊबंद दिसायला इतके सारखे, की नराच्या शेपटीच्या टोकावरचे चिमटे पाहिल्याशिवाय निवाडा होत नाही. तिथं देखणा क्लोजअप काय कामाचा?

सोपी गिऱ्हाइकंही असतात. सिमेंटच्या टाकीशेजारी भिंतीला पंख चिकटवून बसलेला राखाडी, ठिपक्याठिपक्यांचा दिसला की ब्रॅडिनोपायगा जेमिनाटा. पांताला फ्लॅवेसेन्स शेतांवर थव्यानं घिरट्या घालतो, पण बसायचं नाव घेत नाही. आफ्रिकेपर्यंत समुद्र ओलांडणाऱ्याला माझ्यासाठी थांबायला सवड कुठली!

पुरावा अपुरा असेल तर मी 'ऑर्थेट्रम' एवढंच लिहून पाठवतो. लोक रुसतात. रुसू देत, अंदाजानं पुढचं नाव चिकटवणं मला पटत नाही.

परवा एका शाळकरी पोरानं मये तळ्यावरून फोटो पाठवले. साधा मोबाइल, हात हललेला, एका कोपऱ्यात त्याचं स्वतःचं बोट. पण पठ्ठ्यानं तिन्ही बाजू घेतल्या होत्या. काळा-पिवळा चतुर, दोन डोळे एकमेकांपासून सुटे, शेपटीच्या आठव्या खंडाला दोन्हीकडे पातळ झालर. इक्टिनोगॉम्फस रापॅक्स, प्रश्नच नाही. त्याला लगेच उत्तर गेलं. मोठ्या लेन्सवाल्या मंडळींचे देखणे फोटो अजून तसेच पडलेत.